लुगड्याची गाठ आणि पेशींची लस

— एक विद्यार्थिनी, बी. ए. भाग २

"कर्करोगावर लस सापडली!" अशा मथळ्याची बातमी दर दोन-चार महिन्यांनी वर्तमानपत्रात येते. वाचणारा क्षणभर सुखावतो, पान उलटतो आणि कापसाच्या भावाकडे वळतो. त्या बातमीचे पुढे काय झाले, ती लस कोणाला मिळाली, कोणाला मिळाली नाही, याची चौकशी करायला कोणी जात नाही. आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना तर वाटते की हा आपला प्रांतच नव्हे. ते डॉक्टरांचे काम. आपण आपले इतिहास, समाजशास्त्र आणि मराठी वाङ्मय पाहावे. या समजुतीविरुद्ध दोन शब्द लिहावेत असे पुष्कळ दिवस मनात होते, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. अशा घरातल्या मुलीला रोज एक परीक्षा द्यावी लागते, तिचा उल्लेख विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात नसतो. संध्याकाळी कोणी तरी सहज विचारते, "आज काय शिकली वं?" आपण सांगतो. मग दुसरा प्रश्न येतो, "मंग त्याचा आपल्याले काय उपेग?" या प्रश्नात टवाळी नसते. ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन फी भरली त्यांचा तो हक्कच आहे. त्वचेच्या कर्करोगावरील पेशींच्या लसीबद्दल मी वाचले, तेव्हा हाच प्रश्न मी त्या संशोधनाला विचारून पाहिला. त्याचे उत्तर मला वाटले होते त्यापेक्षा फार जवळ, आपल्याच जिल्ह्यात सापडले.

प्रथम ही लस म्हणजे काय ते पाहू. लस म्हटली की आपल्याला पोलिओचे दोन थेंब किंवा दंडावरचा बी.सी.जी.चा वण आठवतो. रोग होण्याआधी टोचून घ्यावी ती लस, अशी आपली व्याख्या. कर्करोगाच्या बाबतीतही अशा लसी आहेत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणाऱ्या विषाणूविरुद्धची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केली व जानेवारी २०२३ मध्ये ती आपल्या देशात उपलब्ध झाली. पण मी ज्या लसीबद्दल लिहीत आहे ती या जातीची नाही. ती रोग होऊ नये म्हणून टोचायची नसते, झालेला रोग हटवण्यासाठी टोचायची असते. आणि ती कारखान्यात एकदम हजारो बाटल्या भरून तयार होत नाही. ज्याचा रोग त्याच्याच रक्तातून ती तयार करावी लागते.

हे कसे घडते ते आपल्या गावच्या भाषेत सांगते. गावात चोर शिरला तर प्रथम कोतवालाने त्याला पाहायला हवे, त्याची टोपी किंवा चप्पल हाती लागली तर ती चावडीवर आणून दाखवायला हवी. म्हणजे मग गावची तरणी पोरे काठ्या घेऊन नेमक्या त्याच माणसाच्या शोधात निघतील. आपल्या शरीरात असे कोतवाल आहेत. त्यांना डेंड्रिटिक पेशी म्हणतात, म्हणजे फांद्या फुटलेल्या पेशी. त्या कातडीत, आतड्यात, फुप्फुसात पहारा देतात. परक्या जंतूचा तुकडा उचलतात आणि लसिका ग्रंथीत नेतात. जांघेत किंवा काखेत ज्या सुजल्या की आपण 'अवधाण आले' म्हणतो, त्याच या ग्रंथी. तीच शरीराची चावडी. तिथे हा तुकडा टी-पेशी नावाच्या शिपायांना दाखवला जातो आणि शिपाई कामाला लागतात.

कर्करोगाची अडचण अशी की त्याची पेशी बाहेरून आलेला चोर नसते. ती घरचीच, पण वाया गेलेली. तिच्याकडे पाहून कोतवालाला संशयच येत नाही. आणि आला तरी अर्बुदाच्या आसपास अशी काही परिस्थिती तयार होते की कोतवालही सुस्तावतो व शिपायांच्या काठ्याही गळतात. तेव्हा शास्त्रज्ञांनी विचार केला की हा कोतवाल काही दिवस बाहेर काढावा, त्याला जागा करावा, चोराची ओळख नीट पटवून द्यावी आणि मग परत गावात सोडावा. रुग्णाच्या रक्तातून विशिष्ट पांढऱ्या पेशी वेगळ्या काढतात. प्रयोगशाळेत साधारण आठवडाभर त्यांचे संवर्धन करून त्यांच्यापासून डेंड्रिटिक पेशी बनवतात. त्यांना त्याच रुग्णाच्या अर्बुदातील प्रथिनांचे तुकडे चारतात आणि त्या परत टोचतात. या विषयात 'पेशींची लस' म्हणतात ती ही.

या पेशींचा इतिहासही मनोरंजक आहे आणि आम्हा विद्यार्थ्यांना तर तो विशेष जवळचा वाटावा. १८६८ साली पॉल लँगरहान्स नावाच्या जर्मन विद्यार्थ्याने माणसाच्या कातडीत फांद्या असलेल्या पेशी प्रथम पाहिल्या. तो तेव्हा विशी-एकविशीतला, म्हणजे आमच्याच वर्गात शोभेल असा. त्याला त्या मज्जातंतूंच्या पेशी वाटल्या. त्यानंतर एका शतकाहून अधिक काळ गेला. १९७३ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात राल्फ स्टाइनमन यांनी झॅनव्हिल कोन यांच्यासह डेंड्रिटिक पेशी ओळखल्या व त्यांना हे नाव दिले. कातडीतल्या लँगरहान्सच्या पेशीही याच कुळातल्या, हे पुढे कळले. १९९८ मध्ये झुरिच येथील संशोधकांनी मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाने ग्रासलेल्या १६ रुग्णांना अशी लस दिली, त्यांपैकी ५ जणांची अर्बुदे आकसली. तेवढ्याने जगभर केवढी आशा निर्माण झाली!

पण विज्ञान ही आशेवर चालणारी गोष्ट नाही. २००६ मध्ये जर्मन संशोधकांनी हीच पद्धत मोठ्या संख्येच्या रुग्णांवर नेहमीच्या औषधाशी तुलना करून तपासली, तेव्हा लस त्या औषधापेक्षा सरस ठरली नाही. २०१० मध्ये अमेरिकेत अशा पेशींचा एक उपचार पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगासाठी मंजूर झाला. त्याने आयुष्य सरासरी चार महिन्यांनी वाढत होते आणि त्याची किंमत होती ९३,००० डॉलर. २०१५ मध्ये सेंट लुईस येथे मेलानोमाच्या तीन रुग्णांना त्यांच्या अर्बुदातील नेमके बिघाड शोधून, त्यांवर बेतलेली पेशींची लस देण्यात आली व टी-पेशी जाग्या झाल्याचे दिसले. पण तीन म्हणजे तीनच. पुढे पेशीऐवजी नुसता संदेश टोचणारी लस आली. औषधाच्या जोडीला ती दिल्यावर मेलानोमा उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी कमी झाल्याचे १५७ रुग्णांच्या चाचणीत २०२३ मध्ये दिसले. त्यानंतर मोठ्या चाचण्या सुरू झाल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत मेलानोमाच्या रुग्णाच्या अर्बुदातल्याच टी-पेशी काढून, वाढवून परत देण्याच्या उपचारालाही मान्यता मिळाली.

स्वतः स्टाइनमन यांना २००७ मध्ये स्वादुपिंडाचा कर्करोग झाला. आपल्याच संशोधनावर आधारलेल्या लसी त्यांनी स्वतःवर टोचून घेतल्या. ते अपेक्षेपेक्षा अधिक, चार वर्षांहून जास्त जगले. त्यात लसीचा वाटा किती, हे एका माणसावरून सांगता येत नाही. ३० सप्टेंबर २०११ रोजी ते वारले आणि तीनच दिवसांनी त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले. मरणोत्तर पारितोषिक न देण्याचा नियम असूनही, समितीला मृत्यूची वार्ता ठाऊक नव्हती म्हणून ते कायम ठेवण्यात आले.

इतके सगळे ऐकल्यावर घरचा प्रश्न उभाच राहतो : मग याचा आपल्याला काय उपयोग? मेलानोमा हा मुख्यतः गोऱ्या कातडीचा आणि कडक उन्हाचा रोग. आपल्या कातडीतला काळा रंग, ज्याच्यापायी लग्नाच्या बाजारात आमच्या बहिणींना नाके मुरडलेली पाहावी लागतात, तोच रंग या रोगापासून आपले पुष्कळ रक्षण करतो. भारतात मेलानोमा दुर्मीळ आहे. तेव्हा त्वचेचा कर्करोग ही गोऱ्यांची काळजी आणि पेशींची लस हे श्रीमंतांचे औषध, असे म्हणून पान उलटायला हरकत नव्हती.

पण तसे पान उलटता येत नाही. कारण आपल्याकडेही त्वचेचा एक कर्करोग आहे. तो उन्हाने होत नाही, गाठीने होतो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोन स्त्रियांची हकिगत प्रसिद्ध झाली. ती लिहिणारे डॉक्टर आपल्या वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील आणि बिहारमधील मधुबनीच्या वैद्यकीय महाविद्यालयातील. पहिली स्त्री ७० वर्षांची. उजव्या कुशीवर अठरा महिने न भरलेली जखम. ती साडीखालच्या परकराची नाडी वर्षानुवर्षे घट्ट आवळून बांधत असे. दुसरी साठी उलटलेली. तिची जखम दोन वर्षे भरली नव्हती. तिने चाळीस वर्षे रोज लुगडे नेसले होते, आत परकर न घालता, कमरेला घट्ट आवळून. त्या परक्या भाषेतल्या नियतकालिकात 'लुगडं' हा आपला शब्द जसाच्या तसा छापला गेला. तपासणीत दोघींनाही त्वचेचा कर्करोग निघाला आणि दुसरीच्या जांघेतल्या ग्रंथीपर्यंत तो पोहोचला होता.

हा शोध नवा आहे असेही नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी डॉ. सूर्याबाई यांच्यासह १९४५ सालीच एक निबंध लिहून, चालीरीतींमुळे होणाऱ्या कर्करोगांकडे लक्ष वेधले होते. कमरेला घट्ट कसलेल्या धोतरामुळे होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाला वैद्यकशास्त्रात 'धोतराचा कर्करोग' हे नाव पडले, ते तेव्हापासून. पुढे साडीमुळे होणाऱ्या कर्करोगाचीही नोंद झाली. म्हणजे १९४५ मध्ये जे लिहिले गेले ते २०२४ मध्ये पुन्हा लिहावे लागले. मधल्या एकोणऐंशी वर्षांत ते आपल्या आजीपर्यंत पोहोचले का? माझ्या आजीपर्यंत तर पोहोचले नव्हते.

आमच्या भागातल्या जुन्या बायांच्या कमरेवर लुगड्याचा करकोचा असतो. कातडी तिथे कधी काळवंडलेली, कधी पांढुरकी, पावसाळ्यात खाजणारी. मी हे सारे वाचल्यावर आजीला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "बाईच्या कमरेले करकोचा राहतेच व माय. त्यात काय सांगाचं? सैल नेसलं तं निंदतानी सुटून जाते." या एका वाक्यात जे समाजशास्त्र आहे ते मला क्रमिक पुस्तकात सापडले नाही. लुगडे घट्ट का? कारण दिवसभर ओणवे राहून निंदण करायचे आहे. शिवाय हिंगणघाट हे कापसाचे गाव. वेचणीच्या दिवसांत कमरेला ओटी बांधून, तीत कापूस भरत भरत बाई तास धरून पुढे जाते. ओटी जसजशी भरते तसतसा तिचा ओढा कमरेवर येतो. त्यात घाम, त्यात उन्हाळा, त्यात कमरेला खोचलेली पैशांची चंची. एकाच जागी तीस-चाळीस वर्षे कातडी दाबली आणि घासली जाते, फुटते, भरते आणि पुन्हा फुटते.

अशा सतत फुटून भरणाऱ्या वणात, किंवा भाजल्याच्या जुन्या वणात कधी कधी कर्करोग उद्भवतो. एकोणिसाव्या शतकातील मार्जोलँ या फ्रेंच शल्यविशारदाच्या नावाने असा व्रण ओळखला जातो. आणि येथेच ती परदेशातली लस व ही आपली गाठ एकमेकींना भेटतात. वणात कर्करोग का वाढतो याचे एक स्पष्टीकरण असे दिले जाते की जुन्या वणाच्या कठीण पेशीजालात लसिकावाहिन्या नष्ट झालेल्या असतात. कातडीतल्या डेंड्रिटिक पेशींना तिथून चावडीपर्यंत जायला वाटच उरत नाही. कोतवाल आहे, पण त्याचा रस्ता बुजलेला. मेलानोमात सुस्तावलेला पहारा आणि करकोच्यात तुटलेला पहारा, या एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत. कातडी गोरी असो की काळी, शरीराचा पहारेकरी तोच. म्हणून हे ज्ञान गोऱ्यांचे आणि ते आपले, अशी वाटणी करता येत नाही.

आता कोणी म्हणेल, 'मग लुगड्याच्या कर्करोगावरही पेशींची लस काढा.' माझे म्हणणे नेमके उलट आहे. या रोगाला लस लागू नये, इतका तो टाळण्यासारखा आहे. नाडीऐवजी तीन बोटे रुंद पट्टी शिवावी. गाठ रोज एकाच जागी न मारता थोडी वर-खाली सरकवावी. घरी आल्यावर लुगडे सैल करावे. कातडी खाजू लागली, सोलवटू लागली तर तिथला दाब काढावा. आणि महिनाभर न भरणारी जखम डॉक्टरला दाखवावी. लवकर सापडला तर हा रोग शस्त्रक्रियेने काढता येतो. सेवाग्राम, सावंगी, नागपूर आपल्याला दूर नाहीत. प्रत्येक करकोचा म्हणजे कर्करोग, असे मात्र कोणी समजू नये. हा रोग क्वचितच होतो, आणि घाबरवून सोडलेला माणूस डॉक्टरपेक्षा अंगारे-धुपाऱ्यांकडे आधी जातो. तसेच दोष लुगड्याच्या माथी मारून मोकळे होण्याचीही घाई नको. लुगडे आमच्या आजीचा आब आहे. दोष आहे तो गाठीच्या आवळण्यात आणि ती आवळायला लावणाऱ्या कष्टांत.

मग पट्टी रुंद केली की प्रश्न संपला? तसे नाही. ती जखम अठरा महिने, दोन वर्षे कोणाला दिसली का नाही, हा खरा प्रश्न आहे. ती कमरेवर होती म्हणून. कमरेवरची जखम बाई मुलाला सांगत नाही, सून विचारत नाही, आणि पुरुष डॉक्टरसमोर पदर बाजूला करायचा म्हटले की ती हळद-तेल लावून गप्प बसते. शिवाय तपासायला जायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते. प्रयोगशाळेत जगातील सर्वोत्तम लस तयार होऊन बसली, तरी हे मौन तिला दाराबाहेरच ताटकळत ठेवील.

या उलट बाजूचे एक मत आमच्या मित्रमंडळींत नेहमी ऐकू येते. 'आपल्या देशाला साधे दवाखाने हवेत. पेशींच्या लसी, जनुके हे चोचले अमेरिकेने करावेत.' हे मत ऐकायला गरिबांच्या बाजूचे वाटते, पण ते तसे नाही. संशोधन परक्यांवर सोपवले की प्रश्नही परकेच ठरवतात आणि किंमतही परकेच. आपल्याकडे ही परंपरा नाही असेही नाही. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात काम केले आणि भारतातील पहिली पेशीसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. शरीराबाहेर पेशी वाढवता आल्या नसत्या तर पेशींची लस ही कल्पनाच जन्मली नसती. त्या काळात एका मराठी स्त्रीने हे केले, हे आमच्या किती मैत्रिणींना ठाऊक आहे?

त्या परंपरेला पुढे फळही आले. मुंबईच्या आय.आय.टी.तील डॉ. राहुल पुरवार यांनी अमेरिकेत असताना टी-पेशींचा एक प्रकार मेलानोमावर कसा मात करतो हे उंदरांवरील प्रयोगांत दाखवले होते. ते संशोधन २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. मायदेशी परतल्यावर त्यांनी टाटा रुग्णालयातील डॉक्टरांच्या सहकार्याने रक्ताच्या काही कर्करोगांसाठी रुग्णाच्याच टी-पेशी बदलून परत देण्याचा 'नेक्सकार-१९' हा उपचार सिद्ध केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला परवानगी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी पवई येथे राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तो देशाला अर्पण झाला. परदेशात तीन-चार कोटी रुपयांना पडणारा हा उपचार इथे सुमारे दहाव्या हिश्शात आला. अजूनही तो लाखांच्या घरात आहे, गरिबाच्या आवाक्यात नाही, हे मान्य. पण कोटींवरून लाखांवर येण्याची पायरी आपल्याच माणसांनी चढली, ती न्यूयॉर्कच्या कोणी आपल्यासाठी चढली नसती.

दुसरे उदाहरण मला याहूनही मोलाचे वाटते. शिपायांच्या काठ्यांना बांधलेले दोर सोडणारे निव्होलुमॅब हे औषध मेलानोमासाठी प्रथम गाजले. या तत्त्वाच्या शोधाबद्दल २०१८ चे नोबेल पारितोषिक जेम्स ॲलिसन व तासुकू होंजो यांना मिळाले. औषध भयंकर महाग. टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी एक साधा, पण धाडसी प्रश्न विचारला : हे औषध इतके द्यावे तरी लागते का? डोके व मानेच्या कर्करोगाच्या बऱ्या न होणाऱ्या अवस्थेतील १५१ रुग्णांवर त्यांनी चाचणी केली. निम्म्यांना स्वस्त गोळ्यांच्या जोडीला नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी, म्हणजे दर खेपेस फक्त २० मिलिग्रॅम औषध दिले. नुसत्या गोळ्यांवरील रुग्णांपैकी वर्षानंतर सुमारे १६ टक्के हयात होते. औषधाच्या जोडीने हे प्रमाण सुमारे ४३ टक्के झाले. २०२२ मध्ये हे निष्कर्ष जाहीर झाले. हा प्रश्न औषध विकणारी कंपनी कशाला विचारील? तो रुग्णाच्या खिशाकडे पाहणाऱ्या डॉक्टरलाच सुचतो. आणि ज्यांच्या खिशात २०१२ च्या गुटखाबंदीनंतरही खऱ्र्याची पुडी असते, अशा माझ्या वर्गबंधूंनी ध्यानात घ्यावे की ही चाचणी ज्या रोगाची, त्याचे एक मोठे कारण तीच पुडी आहे.

'याचा आपल्याले काय उपेग?' हा घरचा प्रश्न आणि टाटातल्या डॉक्टरांचा प्रश्न, हे मुळात एकच आहेत असे मला वाटते. तो प्रश्न संशोधनाला विरोध म्हणून विचारला तर तो आपल्यालाच दरिद्री करतो. संशोधनाच्या दारात जाऊन विचारला तर औषधाची किंमत उतरवतो.

राहिला प्रश्न मौनाचा. या बाबतीत वर्धा जिल्ह्याने कोणाकडून शिकण्याची गरज नाही. बाबा आमटे यांचा जन्म १९१४ साली आपल्या हिंगणघाटात झाला. वरोऱ्याजवळ त्यांनी आनंदवन उभारले, ते ज्या रोगासाठी, तोही प्रथम कातडीवरच दिसणारा आणि लाजेपायी झाकून ठेवला जाणारा. कुष्ठरोगावर गुणकारी औषधे आली, पण नुसती औषधे येऊन भागले नाही. वर्ध्याला १९५१ साली स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाने पाहणी, शिक्षण आणि उपचार अशी त्रिसूत्री धरली. माणसे घरोघर गेली, पाठीवरचा चट्टा पाहिला, लोकांच्या भाषेत बोलली आणि मग औषध दिले. या तीन कामांपैकी उपचार डॉक्टरांचा. पण पाहणी आणि शिक्षण ही दोन कामे बोलता येणाऱ्या, ऐकता येणाऱ्या आणि लिहिता येणाऱ्या कोणाही माणसाची आहेत. म्हणजे कला शाखेची आहेत.

म्हणून गुरुजनांपुढे आणि मित्र-मैत्रिणींपुढे काही सूचना नम्रपणे ठेवते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी रस्ता झाडतो, वृक्षारोपण करतो. पुढील शिबिरात एक दुपार मुलींनी आणि प्राध्यापिका बाईंनी गावातल्या बायांसोबत बसावे. कमरेवरच्या करकोच्याबद्दल विचारावे, न भरणारी जखम कोणाला असेल तर तिला सोबत घेऊन दवाखान्यात जावे. सोबत म्हणजे खरोखर सोबत, नुसती चिठ्ठी देऊन नव्हे. ज्यांना शिवणकाम येते त्यांनी परकराची रुंद पट्टी कशी शिवावी ते दाखवावे. मुलांनी हेच काम तोंडाच्या चट्ट्यांबाबत पानठेल्यावर उभ्या असलेल्या आपल्या मित्रांमध्ये करावे. आणि मराठी विभागाने या रोगांसाठी, या औषधांसाठी आपल्या बोलीत शब्द गोळा करावेत. कारण 'करकोचा', 'अवधाण', 'ओटी' हे शब्द ज्याला ठाऊक नाहीत तो डॉक्टर कितीही शिकलेला असला तरी आमच्या आजीचे दुखणे त्याला समजणार नाही, आणि 'टी-पेशी' म्हणजे काय हे ज्याला सोप्या मराठीत सांगता येत नाही त्याचे ज्ञान आमच्या आजीपर्यंत पोहोचणार नाही.

यात खर्च फारसा नाही. एक दुपार, काही वार कापड आणि थोडा भिडस्तपणा सोडण्याची तयारी एवढेच लागेल. मुंबई, झुरिच, न्यूयॉर्क येथील शास्त्रज्ञ शरीरातल्या सुस्त कोतवालाला जागे करण्याच्या खटपटीत आहेत, त्यांना यश येवो. गावातला कोतवाल जागा ठेवणे मात्र आपल्या हातात आहे. १९४५ साली लिहिलेली गोष्ट २०२४ मध्ये पुन्हा लिहावी लागली. ती तिसऱ्यांदा लिहिण्याची पाळी आपल्या जिल्ह्यातल्या कोणा डॉक्टरवर येऊ नये, एवढे काम आपली पिढी सहज करू शकेल.